पाटीवरची सुभद्रा

डिसेंबरातले दहा दिवस मी गळ्यात पाटी अडकवून हिंडले. पाटीवर माझ्या लेकाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आईला डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ती रागावलेली नाही.’ दुसरं वाक्य त्याने आपल्या मनाने घातलं होतं आणि खरं सांगायचं तर तेच जास्त उपयोगी पडलं. भाजीवालीपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना आधी तोच प्रश्न पडायचा, बाईंचं काही बिनसलंय का?

बिनसलं होतं ते घशात.

मी पंचवटीतल्या एका शाळेत तिसरीचा वर्ग घेते. पट बावन्नचा. संध्याकाळी दोन शिकवण्या आणि रात्री साडेआठनंतर तालीम. आमचं मंडळ हौशी. कुणी बँकेत, कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, दोघं-तिघं निवृत्त. त्या वर्षी आम्ही ‘सौभद्र’ बसवलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेलं हे नाटक, मूळ संहितेत पदं शंभराच्या वर. आम्ही कापत कापत सव्वीसवर आणली, तरी त्यातली नऊ सुभद्रेची. सुभद्रा मी. एक्केचाळीस वर्षांची उपवर सुभद्रा म्हणजे जरा अतिच, पण संगीत नाटकाचा प्रेक्षक डोळे मिटूनच बसलेला असतो. गळा चालला की वय चालतं.

गळा ऑगस्टपासूनच कुरकुरत होता. सकाळी उठल्यावर आवाज खर्जात, दुसऱ्या तासाला खरखर, मधल्या सुट्टीपर्यंत घशाला शोष. पण हे तर प्रत्येक मास्तरणीला होतं. मी ज्येष्ठमध चघळत होते, सासूबाई हळद-दूध देत होत्या, शेजारच्या काकूंनी कंकोळ आणून दिलं होतं. त्यात एक गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, हळू लावायला गेलं की लागायचा नाही. नुसती हवा यायची. जोर केला की मात्र खणखणीत लागायचा. म्हणून मी सगळंच जोरात गायला लागले. दिग्दर्शक काका खूश. म्हणाले, “यंदा तुझा आवाज काय मोकळा लागतोय!” हळू सूर न लागणं हीच पहिली खूण असते, हे मला चार महिन्यांनी कळलं.

सांगितलं का नाही, तर भीतीने. आमच्यात ‘घसा बसलाय’ असं कुणी म्हणालं की दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द कानावर येतो. व्यावसायिक नाटकात माणूस बदलला तर त्याची पोटापाण्याची कारणं असतात, लोक समजून घेतात. हौशी मंडळात भूमिका गेली की गेलीच. आणि सुभद्रा परत कधी मिळणार? एक्केचाळीसनंतर?

नोव्हेंबरच्या शेवटी एका संस्थेच्या वर्धापनदिनाला उघड्या मैदानावर प्रयोग ठरला. नाशिकची थंडी त्या आठवड्यात एकदम उतरली. आदल्या दिवशी मला सर्दी-कणकण. अंगदुखीवर मी घरातल्याच गोळ्या दोनदा घेतल्या. संध्याकाळी आवाज इतका बसला की मी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टॉर्चने घसा बघितला, “सूज आहे,” म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. “उद्या कोकिळेसारखं गाल.”

गायलेही. पहिला अंक असा झाला की मला माझंच नवल वाटलं. आवाज रेशमासारखा. दुसऱ्या अंकात थंडी वाढली, दव पडायला लागलं, आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याने आमच्याकडे तोंड करून ठेवायचा स्पीकर आणलाच नव्हता. समोर लोकांना ऐकू येत होतं, मला फक्त ऑर्गन. आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही की माणूस ओरडतो. हे कळत असूनही थांबता येत नाही. ‘वद जाऊं कुणाला शरण’ सुरू होतं. ‘मी धरीन चरण त्याचे’पर्यंत आले. मग ‘अग सखये’. त्या ‘स’वर मी वर गेले आणि आत काहीतरी निसटलं. दुखलं अजिबात नाही. दोरीवर वाळत घातलेल्या साडीची एक चिमटी सुटावी, तसं. तोंड उघडं, हात सखी कुसुमावतीच्या खांद्यावर, भाव चेहऱ्यावर, आणि आवाज नाही. वारा फक्त.

ऑर्गनवाल्या काकांनी सूर धरून ठेवला. तबलजीने ठेका मोडला नाही. दोन आवर्तनं गेली असतील. आणि मग सखीचं काम करणारी आमची तेवीस वर्षांची पोर, जिला अख्ख्या नाटकात गायला एक ओळसुद्धा नव्हती, तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि माझीच ओळ मला म्हणून दाखवली. ‘वद जाऊं कुणाला शरण.’ जणू मैत्रीण मैत्रिणीचं दुःख तिच्याच शब्दांत उच्चारतेय. माझ्या पट्टीत तिला अवघडल्यासारखं होत होतं हे मला दिसत होतं, समोर कुणालाच कळलं नाही. टाळी पडली. त्यापुढची माझी सगळी पदं सखीनेच म्हटली आणि मी तेवढा वेळ नुसती रडवेली बसून राहिले. प्रयोगानंतर एक आजोबा येऊन म्हणाले, “सखीला गायला लावायची कल्पना फार सुंदर.” दिग्दर्शक काकांनी मान डोलावून श्रेय घेतलं.

सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. या बाई गाणाऱ्यांचे घसे नेहमी बघणाऱ्या. त्यांनी टॉर्च काढलाच नाही. जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, तोंडातून एक सरळ दुर्बीण आत सरकवली आणि म्हणाल्या, “ई म्हणा.” जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई म्हणून बघा एकदा. दुर्बिणीतून दिवा लुकलुकत होता. स्वरतंतूंच्या वेगाशी तो किंचित फरकाने जुळवलेला असतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी त्यांची हालचाल पडद्यावर सावकाश, लाटेसारखी दिसते. स्ट्रोबोस्कोपी म्हणतात तिला.

पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या. एवढंसं असतं ते सगळं, बायकांचं तर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर एकेक कणी, पुढच्या एक तृतीयांशावर, जिथे त्यांची टक्कर सगळ्यात जोरात होते नेमकी तिथे. आणि उजवी पट्टी अर्धी लालभडक. बाई म्हणाल्या, “गाठी जुन्या आहेत, महिनोन्‌महिने ओढाताण झालीय. लाल दिसतंय ते रक्त. बारीक रक्तवाहिनी फुटलीय. गोळ्या कोणत्या घेतल्या होत्या?” मी नावं लिहून दाखवली. त्यातल्या एकीने रक्त गोठायला वेळ लागतो. वरून थंडी, सर्दी, जोर. इंजेक्शनबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की औषध वाईट नाही, पण आत काय आहे ते न बघता सूज उतरवली की गाणाऱ्याला वाटतं घसा बरा झाला, आणि तो दुप्पट गातो.

घरी येऊन मी मोबाइलच्या ट्यूनरवर माझी पट्टी तपासली. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी माझा सा. तिचा तार षड्ज सेकंदाला सुमारे ४१५ कंपनांचा. म्हणजे त्या दोन कण्या एका सेकंदात चारशेहून जास्त वेळा एकमेकींवर आपटत होत्या. नऊ पदं. त्याआधी बावन्न पोरं, पाढ्यांसकट.

रात्री झोप कुठली. मोबाइल घेऊन बसले ते थेट ज्युली अँड्र्यूजपर्यंत पोचले. १९९७ साली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा तो चार सप्तकांचा म्हणून गाजलेला गाता आवाज परत आला नाही. पहाटे तीनला असलं काही वाचू नये. सकाळी डॉक्टरबाईंना मेसेज टाकला, ‘कापणार का?’ उत्तर आलं, ‘नाही. आधी दहा दिवस मौन. कुजबुजसुद्धा नाही. मग थेरपी. गाठी बहुतेक वेळा त्यानेच बसतात.’

कुजबुज नाही हे सगळ्यात कठीण. आपल्याला वाटतं हळू बोललं की घशाला आराम. पण तसं बोलताना गळा उलट आवळला जातो. खाकरायचंही नाही, कारण खाकरणं म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटून झाडणंच. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट गिळायचा. तो घोट स्वरतंतूंना शिवत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. गिळताना ती वाट बंद होते. नाही तर ठसकाच लागायचा. म्हणजे इतकी वर्षं मी ज्येष्ठमध चघळून जे ‘घशाला लागलं’ म्हणत होते ते शेजारच्या गल्लीत जात होतं. पोचते ती वाफ. आणि पाणी दिवसभर पीत राहायचं ते अंगात मुरून सावकाश तिथवर जावं म्हणून.

शाळेने तीन दिवस रजा दिली, पुढे जावंच लागलं. एक घुंगरू घेऊन गेले. एकदा वाजलं की पाटी काढा, दोनदा वाजलं की गप्प. पहिल्या दिवशी धुमाकूळ. दुसऱ्या दिवशीपासून काय झालं माहीत नाही, पोरंच हळू बोलायला लागली. मी लिहून विचारायचे, ती कुजबुजत उत्तर द्यायची. मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले, वर्ग रिकामा आहे की काय म्हणून.

जानेवारीच्या मध्यावर कालिदासची तारीख होती. महाकवी कालिदास कलामंदिराची तारीख मिळणं सोपं नसतं, ती सोडायचा प्रश्नच नव्हता. भाडं भरलेलं, तिकिटांची पुस्तकं वाटलेली. अशोकस्तंभाजवळ दिग्दर्शक काकांच्या घरी बैठक झाली. मी पाटी घेऊन कोपऱ्यात. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असा लोकांचा समज असतो. माझ्यासमोर माझी चर्चा अशी चालली होती की जणू मी आधीच्या पिढीतली कुणी दिवंगत नटी. एकजण म्हणाला, “जुन्या तालमींची रेकॉर्डिंगं आहेत की. ती लावू, बाई नुसते ओठ हलवतील.” काका उखडलेच. “मग पेटीवाला कशाला? तबलजी कशाला? सीडीच ठेवू स्टेजवर, पंचारती ओवाळू.” दुसऱ्याने पुण्याहून कुणी आयती सुभद्रा मागवायची सूचना केली. मग मानधन किती, गाडीभाडं किती, यावर अर्धा तास गेला.

मी पाटीवर लिहिलं, ‘सखी.’ आणि पाटी वर धरली.

मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. पुण्याची तयार गायिका आली असती तर लोक तिची नि माझी तुलना करणार, ही पोर मात्र कच्ची, हिच्यापुढे माझी आठवण काढतील, हा हिशेब मनात होता. आता सांगायला हरकत नाही, तिला माहीत आहे.

परत जाताना ऑर्गनवाले काका म्हणाले, “अगं, बदली माणसाशिवाय संगीत नाटक कधी चाललंय? किर्लोस्कर कंपनीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, कंपनी बसल्यासारखी झाली, आणि १९०५ला बालगंधर्व आले. त्या काळी कंपनीत पोराचा कंठ फुटला की स्त्रीपार्टच गेला, रातोरात.” मग त्यांचं आवडतं पालुपद आलं. मनमाडचं. दीनानाथरावांच्या कंपनीचा मुक्काम, ‘सौभद्र’ लागलेलं, नारद करणारा नट आयत्या वेळी उभा राहू शकत नव्हता, आणि लहानग्या लताने तो नारद केला. ही आठवण लतादीदींनी स्वतः सांगितलेली. “आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे,” असं काका दर वेळी अशा थाटात म्हणतात की जणू तेव्हा ऑर्गनवर तेच होते. मला त्या रात्री एकच सुचलं. त्या आजारी नारदाचं पुढे काय झालं, त्याचं नावही कुणाला आठवत नाही.

बदली म्हणजे पाठांतर, असं बाहेरच्याला वाटतं. पाठ तर तिला सगळंच होतं, सखी म्हणून रोज ऐकत होती. गोंधळ पट्टीचा. मी काळी चारची, ती काळी पाचला खुलणारी. दोन पट्ट्यांमध्ये पूर्ण एका स्वराचं अंतर. माझा तबला तिच्यासाठी चढवला असता तर पुडीच फाटली असती, म्हणून लहान तोंडाचा दुसरा तबला मागून आणावा लागला. आमचा ऑर्गन पायाने भाता मारायचा, त्यात बटण दाबून पट्टी बदलायची सोय नाही. काकांच्या बोटांना ‘वद जाऊं’ काळी चारला सवयीचं. काळी पाचला ती सारखी जुन्या घरी वळायची. ब्रॉडवेवर म्हणे आठवड्याला आठ प्रयोग होतात आणि मुख्य गायिकेच्या जागी उभं राहायला एक माणूस पगार देऊन कायम तयार ठेवलेलं असतं. आमच्याकडे तबलासुद्धा उसना.

मौनाचे शेवटचे चार दिवस मी तिला हाताने गाणं शिकवलं. तळहात वर गेला की स्वर चढवायचा, बोटं मिटली की आस तोडायची, छातीवर थाप म्हणजे इथे श्वास. माझ्या वहीत श्वासाच्या जागी लाल टिंबं होती. ती तिने तशीच आपल्या वहीत उतरवली, गायली, आणि घुसमटली. तिसऱ्या दिवशी मी रागाने तिची वही ओढून सगळी टिंबं खोडली आणि पाटीवर लिहिलं, ‘तुझा श्वास तू घे.’ ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, पण तुमच्या जागा…” मी पाटी पुसली.

कपड्यांचंही तेच. चोळी माझ्या मापाची. ती काडी पैलवान. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेऊन मीच हाताने टीप घातली, कापड न कापता. कापलं नाही हे तिच्या लक्षात आलं असणार.

कालिदासच्या प्रयोगाला मी विंगेत पुस्तक धरून बसले. तोपर्यंत मौन सुटलं होतं, तासाला दहा मिनिटं बोलायची मुभा होती; प्रॉम्प्टिंग दुसऱ्याने केलं. नांदी झाली, पडदा गेला. पहिल्या पदात ती घाबरली, लय पळवली, काकांनी ऑर्गनवरून तिला मागे ओढून आणलं. ‘वद जाऊं’ बरं झालं, बस, बरं. पण ‘अरसिक किती हा शेला’ला तिने ‘अरसिक’ म्हणून शेला हातात घेतला आणि थांबली. माझ्या गाण्यात तिथे तान होती, लोकांची हमखास टाळी घेणारी. तिने तान घेतली नाही. शेल्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि मग पुढचे शब्द अगदी हळू, वरच्या पट्टीत, हळू. जे मला ऑगस्टपासून जमत नव्हतं तेच. विंगेत माझ्या पोटात खड्डा पडला. टाळी आली नाही तिथे. नाट्यगृह गप्प होतं.

थेरपीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कंटाळवाणी असते. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे, पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. बाहेरून तोंड जवळजवळ बंद असलं की आतल्या हवेचा दाब पट्ट्यांना आधार देतो, त्या जोराने आपटत नाहीत. मग ओठ मिटून गुंजारव, मग खालून वर घसरत जाणारा सूर. तारसप्तक दीड महिना बंद. वर्गासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर घेतला. पहिल्या दिवशी पोरांनी मला ‘रिक्षावाल्या बाई’ केलं. तालमीनंतर रात्री अकराला तर्रीदार मिसळ खाऊन झोपायची आमच्या मंडळाची जुनी रीत, ती माझ्यापुरती बंद झाली. आडवं झाल्यावर पोटातलं आम्ल वर येतं आणि झोपेत स्वरयंत्र भाजून काढतं. नाशिककराला हा सगळ्यात मोठा घाव.

मार्चमध्ये पुन्हा दुर्बीण. लाली गेलेली, डावी कणी जवळजवळ सपाट, उजवी आहे अजून. “गा,” बाई म्हणाल्या, “पण पट्टी उतरवा.” काळी चारवरून पांढरी पाच. अर्ध्या स्वराचा फरक, ऐकणाऱ्याला कळतही नाही. मी मात्र दोन दिवस जेवले नाही. ऑर्गनवाले काका म्हणाले, “चला, पांढरी पाच आणि काळी पाच, दोन पाचांच्या दोन सुभद्रा.” मग तसंच ठरलं, एक प्रयोग तिचा, एक माझा. तिची सखी मी झाले नाही, तेवढं मन मोठं नाही माझं. ती भूमिका काकांच्या पुतणीने घेतली.

मेमध्ये परशुराम साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग होता, तिच्या वाट्याचा. त्या दिवशी दुपारी दोनला तिचा फोन आला.

“ताई, घसा धरलाय.”

“कधीपासून?”

“काल रात्रीपासून. तुम्हालाच आधी सांगतेय, काकांना नाही सांगितलं अजून.”

“गोळ्या घेतल्यास का कसल्या?”

“नाही.”

“बरं. तार षड्ज लाव बघू. हळू.”

पलीकडे ती थांबली. मग बारीक सूर आला, हवा मिसळलेला, आणि मध्येच तुटला. दोघी काही बोललो नाही.

“जोरात लागतोय ताई,” ती म्हणाली. “दाखवू?”

“नको,” मी म्हटलं. “फोन ठेव आणि गप्प बस. काकांना मी सांगते.”

चोळी माझ्याकडेच असते, धुवायला. कात्री काढली आणि उजव्या बाजूची टीप उसवायला घेतली.